आजोबांच्या पाठीमागचं विमान

सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत, देवांच्या तसबिरींच्या रांगेतच, एक फौजी फोटो टांगलेला असतो. पट्ट्यात शर्ट खोचलेले पाच-सहा जवान, कुणाच्या हातात रायफल, आणि मागे विमानाचा एखादा तुकडा. कधी पंख, कधी चाक, कधी नुसतं नाक. घरात विचारलं तर एवढंच कळतं, "आजोबा बर्माच्या लढाईत होते." कुठे होते, कोणत्या साली, कोणत्या पलटणीत, हे सांगणारी पिढी गेली. साताऱ्याजवळचं अपशिंगे घ्या, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा मुलखात हे फोटो दारोदारी सापडतात, आणि दर पावसाळ्यात ओल त्यातलं थोडं थोडं खाऊन टाकते.

विमान ओळखायचं ते मुख्यतः आजोबांसाठी. माणसाचा चेहरा साल सांगत नाही, विमान सांगतं. कोणतं विमान कोणत्या आघाडीवर कधी आलं आणि कधी गेलं याची नोंद असते. म्हणून नाव नेमकं कळलं, तर "बर्मात होते" या दोन शब्दांच्या जागी साल आणि मुलूख मिळू शकतो.

सुरुवात कागदापासून करावी. भिंतीवरचा मोठा फोटो हा बहुतेक वेळा मूळ फोटो नसतोच. गावातल्या स्टुडिओत छोट्या फोटोवरून फोटो काढून तो मोठा केलेला असतो, आणि तसं करताना कारागिराने ब्रशने रिटचिंग केलेलं असतं. चेहरा उजळायचा, मागचा पसारा पुसायचा. त्या पुसण्यात प्रोपेलरचं एखादं पातं जातं, शेपटीवरचा आकडा जातो. म्हणून आधी मूळ छोटी प्रत शोधावी. पत्र्याच्या ट्रंकेत, पेन्शनच्या कागदांत, जुन्या पोथीच्या पानांत ती असते. सहा बाय नऊ सेंटिमीटरची, पांढऱ्या कडेची, कधी कातरलेल्या नागमोडी कडांची. नखाएवढ्या दिसणाऱ्या त्या चाकात मोठ्या प्रतीपेक्षा जास्त तपशील असतो, कारण ती निगेटिव्हला थेट चिकटवून छापलेली असते.

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. पावसाळ्यात जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरतो आणि ओढलं की चेहरा काचेवर राहतो. तो काचेसकट स्कॅन करावा. सुटी प्रत असेल तर १२०० डीपीआय, म्हणजे इंचाला १२०० ठिपके, पुरे. सहा बाय नऊचा फोटो त्यात साधारण २८०० बाय ४२०० पिक्सेलचा होतो. यापुढे आकडा वाढवला तरी कागदात नसलेला तपशील येत नाही, फाइल तेवढी फुगते. कृष्णधवल असला तरी रंगीत मोडमध्ये आणि टिफ फाइलमध्येच स्कॅन करावा, म्हणजे शाईचा डाग आणि मूळ छपाई पुढे वेगळी काढता येते. मागची बाजूही स्कॅन करायचीच. पेन्सिलची पुसट अक्षरं, स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचं छापील नाव, हे सगळं तिथेच असतं. अक्षर वाचता येत नसेल तर खोली अंधारी करून टॉर्च अगदी आडवा धरावा, पेन्सिलीने दाबलेल्या खुणा सावलीने वर येतात.

जुन्या फोटोच्या काळ्या भागावर निळसर चांदीसारखी झाक आली असेल तर स्कॅनर तिथे पांढरा पडतो, आणि विमानाचं गडद पोट नेमकं तिथेच असतं. असा फोटो सपाट ठेवून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून उजेड टाकून, वरून कॅमेऱ्याने टिपावा.

यानंतर दोन खात्र्या करून घ्यायच्या. पहिली, विमान खरं आहे ना? जत्रेतल्या फोटोवाल्यांकडे लाकडाचं आणि पुठ्ठ्याचं रंगवलेलं विमान असायचं. त्यात बसून नवराबायको, मुलंबाळं हौसेने फोटो काढून घ्यायची. सुटीवर आलेला जवानही वर्दीत बसायचा. माणसं कमरेपासून वरच दिसत असतील, पंखाची सावली जमिनीवर पडत नसेल, खिळ्यांच्या ओळी सगळीकडे सारख्याच जाडीच्या असतील, तर तो पडदाच समजावा. तो फोटोही जपण्यासारखाच आहे, फक्त त्यात विमानाचा प्रकार शोधत बसू नये.

दुसरी खात्री, फोटो उलटा तर छापलेला नाही? फोटोवरून फोटो काढताना ही चूक सर्रास व्हायची. पदकांच्या फिती नेहमी डाव्या छातीवर असतात. पुरुषाच्या शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते. बाईच्या नाकात नथ असेल तर ती डाव्या नाकपुडीत हवी. याकडे दुर्लक्ष झालं तर विमानाच्या डाव्या-उजव्या बाजूवर बांधलेला सगळा तर्क कोसळतो.

आता विमान. पुस्तकातली चित्रं किंवा इंटरनेट उघडण्याआधी कागदावर लिहून काढावं की प्रत्यक्ष काय दिसतं. इंजिनं किती. नाक गोल डब्यासारखं आहे की निमुळतं. पंख अंगाच्या खालून निघतो, मधून की वरून. मागे छोटं चाक आहे की नाकाखाली. शेपटीचा उभा पंख एक की दोन. प्रोपेलरची पाती किती. खिडक्या आहेत का, कोणत्या आकाराच्या. जे दिसत नाही त्यापुढे 'दिसत नाही' असंच लिहावं. ही शिस्त फार महत्त्वाची आहे. नातवंडांच्या मनात आधीच स्पिटफायर, लंबगोल पंखांचं ते ब्रिटिश लढाऊ विमान, असतं आणि मग दिसत नसलेला पंखही लंबगोल दिसायला लागतो.

आपल्याकडच्या फोटोंबाबत आणखी एक विचार करायला हवा. या जिल्ह्यांतून गेलेले बहुसंख्य लोक पायदळात, सॅपर्समध्ये (रस्ते-पूल बांधणाऱ्या तुकड्यांत), तोफखान्यात, गाड्यांवर होते. वैमानिक फार थोडे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीसही भारतीय हवाई दलाच्या स्क्वाड्रन अवघ्या नऊच होत्या. म्हणजे पायदळाच्या जवानामागे दिसणारं विमान बहुधा त्याला नेणारं, त्याला रसद पुरवणारं, नाहीतर शत्रूचं पडलेलं. लढाऊ विमानापाशी साध्या शिपायाला कोण उभं राहू देणार? म्हणून पहिला अंदाज माणसं आणि माल नेणाऱ्या डाकोटा विमानाचा धरावा आणि तो खोडता येतो का ते पाहावं.

डाकोटाच्या खुणा भरपूर आहेत. दोन गोल इंजिनं, प्रत्येकी १४ सिलिंडरची, दोन ओळींत बसवलेली. समोरून डोकावलं तर पुढच्या ओळीतले सात सिलिंडर दिसतात आणि त्यांच्या फटीतून मागचे. प्रोपेलरला तीन पाती. पंख अंगाखालून निघतो, त्याची पुढची कड तिरकी मागे जाते आणि मागची जवळजवळ सरळ राहते. कॉकपिटची काच मधल्या पट्टीने दुभागलेली. बाजूला चौकोनी खिडक्यांची ओळ. उभं असताना नाक आकाशाकडे आणि शेपूट जमिनीला, त्यामुळे आत चढणारा माणूस चढावर चालल्यासारखा वाकतो. लष्करी डाकोटाचं मालाचं मोठं दुपाखी दार डाव्या बाजूला, मागच्या अंगाला असतं. ते फोटोत विमानाच्या उजव्या बाजूला दिसलं की पुन्हा फितींकडे पाहावं, फोटो उलटा असण्याची शक्यता मोठी. पंखांचा पसारा २९ मीटर, लांबी सुमारे साडेएकोणीस मीटर.

डाकोटाशी घोटाळा होतो तो कमांडो नावाच्या मालवाहू विमानाचा. तेही दोन गोल इंजिनांचं, खाली पंख असलेलं, शेपटीवर बसणारं आणि बर्माच्याच आघाडीवरचं. पण त्याचं नाक काचेपाशी पायरी न घेता गुळगुळीत उतरतं, अंग फार जाड, बाजूने पाहिलं तर मधोमध एक खाच लांबवर जाते, आणि प्रोपेलरला बहुतेक चार पाती. खिडक्या किंवा काच यांपैकी एक जरी फोटोत असेल तरी निकाल लागतो. नुसतं इंजिन आणि चाक असेल तर 'बहुधा डाकोटा' एवढंच लिहावं.

डाकोटा ठरलं की काळ मात्र लगेच ठरत नाही, कारण ते विमान आपल्याकडे दशकानुदशकं राहिलं. मार्च १९४४ मध्ये पाचवी भारतीय डिव्हिजन बर्माच्या किनाऱ्याकडच्या अराकानातून इम्फाळकडे हलवली ती विमानांनीच. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला पहिली फौज उतरली ती डाकोटातून. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहला उतरवलं तेही डाकोटाच. इथे विमानावर रंगवलेल्या खुणा कामाला येतात. पांढरा तारा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या असतील तर विमान अमेरिकी आणि फोटो १९४३ च्या मध्यानंतरचा. ताऱ्याच्या पोटात लाल ठिपका असेल तर १९४२ च्या मध्याआधी रंगवलेला. ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरच्या चक्रातला, म्हणजे ओळखीच्या गोल खुणेतला, लाल रंग पूर्वेच्या आघाडीवर १९४२ नंतर काढून टाकला, कारण जपानी लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपलीच माणसं आपल्यावर गोळी झाडत. मग गडद निळ्यात फिकट निळा असं छोटं चक्र आलं. १९४५ च्या सुमारास तिथल्या एका इंजिनाच्या लढाऊ विमानांच्या पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टेही दिसू लागले. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्र, मग केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ.

पण कृष्णधवल फोटोत हे रंग वाचताना बहुतेक जण फसतात. दोष डोळ्याचा नसतो, फिल्मचा असतो. त्या काळातली साधी फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असायची, तिला लाल दिसतच नव्हता. कोडॅकची सर्वत्र खपणारी व्हेरिक्रोम १९५६ पर्यंत अशीच होती, त्यानंतर तिची सर्व रंग टिपणारी, म्हणजे पॅनक्रोमॅटिक, आवृत्ती आली. ऑर्थो फिल्मवर लाल काळा येतो, पिवळा आणि केशरी गडद, निळा मात्र फिकट. त्यामुळे ब्रिटिश चक्राची पिवळी बाहेरची कड काळी पडते आणि आतला निळा राखाडी होतो, म्हणजे चक्र उलटं वाटतं. तिरंगी वर्तुळाचंही तेच. ऑर्थोवर केशरी कडं काळसर, पॅनक्रोमॅटिकवर तेच कडं फिकट आणि मधला हिरवा गडद. निळ्यातलं निळं चक्र तर ऑर्थोवर इतकं पुसट होतं की विमानावर खूणच नाही असं वाटावं. फिल्म कोणती हे ठरवायला फोटोत ज्याचा रंग आपल्याला ठाऊक आहे अशी वस्तू शोधावी. विमानतळावर आग विझवायच्या लाल बादल्या बहुधा असतातच. त्या काळ्याकुट्ट दिसत असतील आणि आभाळ कोरं पांढरं असेल, तर फिल्म ऑर्थो. म्हणून खुणा नेहमी शेवटी वाचाव्यात. रंग पुन्हा मारता येतो, फिल्म फसवते, पण पंख कुठून निघतो हे बदलत नाही.

एकाच इंजिनाच्या विमानांत सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं स्पिटफायरचं, आणि बऱ्याचदा ते हरिकेन, त्याच काळातलं दुसरं ब्रिटिश लढाऊ विमान, निघतं. निमुळत्या नाकाची ही दोन्ही विमानं जमिनीवर ओळखायची तर पोटाखाली पाहावं. हरिकेनचा रेडिएटर पोटाच्या मधोमध लटकतो, स्पिटफायरचे पंखांखाली असतात. हरिकेनचे पाय एकमेकांपासून दूर, ठाण मांडून उभं राहिल्यासारखे. स्पिटफायरचे अंगाजवळ, अरुंद. हरिकेनच्या मागच्या अंगावर कापड ताणलेलं असतं, त्याखालच्या पट्ट्यांच्या लांब रेषा तिरप्या उन्हात उठून दिसतात. स्पिटफायर ठरलंच तर पाती मोजावी. चार पाती म्हणजे बहुधा आठव्या मार्कचं (मार्क म्हणजे सुधारित आवृत्ती), पाच पाती म्हणजे ग्रिफन इंजिनाचं चौदावं किंवा त्यापुढचं. पाती मोजतानाही जपावं. गडद झाडीसमोर काळं पातं हरवतं, एखादं माणसाच्या डोक्यामागे उभं असतं. दोन दिसणाऱ्या पात्यांमधला कोन मोजला तर उरलेली कळतात. समोरून काढलेल्या फोटोत १२० अंश म्हणजे तीन, ९० म्हणजे चार, ७२ म्हणजे पाच.

या पाच पात्यांतून केवढी गोष्ट निघू शकते पाहा. युद्धानंतर जपानमध्ये जी राष्ट्रकुलाची फौज गेली, तिच्या भारतीय ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. हीच पलटण आधी इटलीत लढली होती. आणि १९४६ मध्ये भारतीय हवाई दलाची चार नंबरची स्क्वाड्रन त्याच फौजेबरोबर जपानला गेली ती चौदाव्या मार्कची स्पिटफायर घेऊन. एखाद्या मराठा जवानामागे पाच पात्यांचं स्पिटफायर, भारतीय वैमानिक आणि अंगावर जाड लोकरीचा कोट असेल, तर "बर्माला होते" ही घरातली समजूत बाजूला ठेवून जपानचा धागा नक्की तपासावा. असाच दुसरा धागा जावाचा. १९४५ च्या अखेरीस सुरबायात मराठा पलटणी होत्या, आणि त्या बेटावर ब्रिटिशांची थंडरबोल्ट लढाऊ विमानं वावरत होती. एकच इंजिन, पण नाक गोल आणि प्रचंड, अंग एवढं उंच की माणूस पंखाखाली जवळजवळ ताठ उभा राहतो.

तिसरा मोठा गठ्ठा म्हणजे पडलेल्या शत्रुविमानांपाशी काढलेले फोटो. उत्तर आफ्रिका आणि इटलीत गेलेल्यांकडे हे असतात, कारण वाळवंटात असे सांगाडे पसरलेले होते. तीन इंजिनं आणि घराच्या छपरासारखा पन्हळी पत्रा अंगभर, ते जर्मन युंकर्स ५२. पंख मधूनच खाली वाकून पुन्हा वर गेलेला आणि पाय पत्र्याच्या आवरणातले, न मिटणारे, ते जर्मन स्टुका. इथे अडचण वेगळी असते. जवानांनी आठवण म्हणून शेपटीचा पत्रा कापून नेलेला, इंजिन उतरवलेलं, पंख जळलेला. अशा वेळी चाकाचा पाय आणि काचेची चौकट याच दोन गोष्टी भरवशाच्या.

हार्वर्डबद्दल थोडं. शिकाऊ वैमानिकांचं हे विमान भारतात युद्धकाळापासून स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं होतं, त्यामुळे तळावर तंत्रज्ञ असलेल्यांच्या फोटोंत ते हमखास सापडतं. गोल नाक, दोन बैठकांवरून जाणारी चौकटीचौकटींची लांबलचक काच, उजवीकडे धुराड्याचा पाइप. त्याच्या सुकाणूचा, म्हणजे शेपटीच्या हलणाऱ्या उभ्या भागाचा, आकार एकदा पाहिला की विसरत नाही, खाली रुंद आणि कोनात कापलेला.

जेट विमानं त्यामानाने सोपी, आणि त्या काळातल्या आपल्या विमानांच्या आकड्यांपुढची अक्षरंही मदत करतात. दोन दांड्यांच्या शेपटीचं छोटं जेट म्हणजे व्हँपायर. नाकात गोल तोंड आणि पंखांच्या टोकांना टाक्या म्हणजे तूफानी, आकड्यापुढे आयसी. पंखांच्या मुळाशी तिकोनी तोंडं आणि कॉकपिटखाली दोन फुगवटे म्हणजे हंटर, बीए. पंखांच्या मधोमध एकेक इंजिन म्हणजे कॅनबेरा, आयएफ. पुण्याच्या लोहगाव तळावर ती बरीच वर्षं होती, म्हणून आपल्या भागात कॅनबेराचे फोटो मिळतात. माणसाच्या खांद्याला कॉकपिटची कड लागेल इतकं लहान जेट असेल तर नॅट. दोन दांड्यांची शेपूट पण मध्ये मालाचा मोठा डबा असेल तर पॅकेट, आयके. चार इंजिनं आणि दोन उभे शेपूटपंख असलेलं लिबरेटर जेट नाही, पण स्वातंत्र्यानंतर त्यावर एचई अक्षरं असत.

मापासाठी फोटोतली रायफल सगळ्यात चांगली. त्या काळची ली-एनफिल्ड ११३ सेंटिमीटर लांब होती. पण मापायची वस्तू विमानाला टेकलेली हवी. विमानापुढे दहा पावलं उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीवरून पंख मोजला तर विमान लहान निघतं. जवान प्रोपेलरला हात लावून उभा असेल तर उत्तम. डाकोटाचं प्रोपेलर सुमारे साडेतीन मीटर व्यासाचं, हार्वर्डचं पावणेतीन मीटरच्या आतबाहेर. एवढा फरक साध्या पट्टीनेही पकडता येतो.

फोटो धारदार करून देणारी मोबाइलमधली अॅप्स या कामात घातक आहेत. पुसट आकडा स्पष्ट करायला दिला की ती आकडा वाचत नाहीत, बनवतात. ३ चा ८ होतो, आणि मग त्या आकड्यावरून दुसऱ्याच विमानाचा इतिहास आजोबांच्या नावावर चढतो. उजेड-अंधार कमीजास्त करावा, मोठं करून पाहावं, तेवढंच. विमानाचं नाव सुचवणाऱ्या सोयींचंही उत्तर अंदाज म्हणून घ्यावं आणि आपल्या लिहिलेल्या खुणांशी एकेक करून ताडून पाहावं.

विमानावरून साल आणि मुलूख हाती आला की कागदांकडे वळावं. फौजेतून सुटताना मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात पलटण, भरतीची तारीख आणि परदेशातली नोकरी लिहिलेली असते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे. पलटण आणि सैनिक क्रमांक हाताशी असेल तर तिथल्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिता येतं. क्रमांक नसेल तर सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शनचे कागद घेऊन जावं, पुढे कुठे लिहायचं ते तिथे विचारता येतं. टोपीवरचा बिल्लाही पाहावा. मुकुट असेल तर फोटो साधारणपणे २६ जानेवारी १९५० च्या आधीचा, सिंह असतील तर नंतरचा.

शेवटी जे ठरलं ते लिहून ठेवावं, पण फोटोच्या पाठीवर बॉलपेनने नाही, त्याची शाई आणि दाब पुढच्या बाजूवर उमटतो. जुन्या कागदावर मऊ पेन्सिलने, काचेवर ठेवून, कडेला लिहावं. १९७० नंतरच्या प्लास्टिकसारख्या कागदावर पेन्सिल धरत नाही, तिथे वेगळी चिठ्ठी पाकिटात घालावी. चिठ्ठीत तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळींत असाव्यात: फोटोत काय दिसतं, त्यावरून काय ठरवलं, आणि घरात काय सांगितलं जातं. "डाकोटा, नक्की, खिडक्या आणि डावं दार दिसतं. साल १९४३ च्या मध्यानंतरचं, बहुधा, ताऱ्याच्या पट्ट्यांवरून. ठिकाण इम्फाळ, आत्याच्या सांगण्यावरून." उद्या चुलत्याच्या घरात त्याच गटाचा दुसरा फोटो निघाला, तर यातली कोणती ओळ बदलायची हे त्या वेळच्या माणसाला कळेल.